पदवीला लावलेली खळ

आप्पा,

आज दुपारी शेजारचे यंत्रमागवाले पेढे घेऊन आले. त्यांची धाकटी बी.कॉम. झाली. पेढा हातावर ठेवला, पण चेहरा काही पेढे वाटणाऱ्याचा नव्हता. खुर्चीवर टेकले आणि म्हणाले, "आजोबा, तुम्ही त्या काळातले बी.ए. की. खरं सांगा, एवढ्याशा मार्कांवर पोरीला नोकरी लागेल का? जो तो म्हणतो, मार्कांना कोण विचारतंय. मग पोरगी का रडतीय सकाळपासून?" मी पेढा तोंडात टाकला, तेवढाच विचार करायला वेळ. मग म्हणालो, "सावकाश बोलू." ते गेले आणि घर होतं तसं झालं. हल्ली माझं घर कुणी येऊन गेलं की जास्तच रिकामं वाटतं. मी आपला पलंगावर पडून एक जुनी आर्या पुटपुटू लागलो. पहिला चरण झाला की मी अजूनही थांबतो, दुसरा कुणी उचलेल म्हणून. कुणी उचलत नाही. मग उठलो आणि कागद घेतला. शेजाऱ्यांच्या प्रश्नाचं उत्तर मी खरं तर तुम्हाला दिलेलं आहे. कितीदा तरी दिलं. तुम्ही ते घेतलं नाहीत.

तुम्ही वैराग सोडून सोलापुरात आलात आणि गिरणीत सुताला खळ लावायच्या खात्यात शिरलात ते शेवटपर्यंत तिथंच राहिलात. मागावर चढायच्या आधी सुताला खळ द्यावी लागते, दिली नाही तर ठोके सोसवत नाहीत आणि धागा तुटतो, हे मला धुळाक्षरं गिरवायच्या आधी ठाऊक होतं. तुमच्या अंगालाच तो वास असायचा, आंबूस आणि ऊबदार, भाताच्या पेजेसारखा. संध्याकाळी आई चुलीपुढे भाकरी थापतेय, तुम्ही भिंतीला टेकून पाय पसरलेत, आणि मी उद्याची कविता घोकतोय. तुम्ही डोळे मिटून जमिनीवर बोटांनी ताल धरता. शार्दूलविक्रीडित आलं की तुमचं बोट चुकतं, पुन्हा सापडतं. "ह्याचा अर्थ काय रं?" तुम्ही विचारता. मी मास्तरांनी दिलेला अर्थ सांगतो. तुम्ही मान हलवता. "शब्द लई ताठ हायेत. खळ जास्त झालीया." आई चुलीशी हसते. "तुमाला काय कळतंय त्यातलं?" आणि तुम्ही म्हणता, "कळत न्हाई, पर आयकाय बरं वाटतं की. म्हन रं तू."

शाळेत आमचे मास्तर कविता म्हणायला लागले की सगळा वर्ग मागोमाग म्हणायचा. इतके गळे एका लयीत चढतायत, उतरतायत, खिडकीबाहेर रस्त्यावरून जाणारा माणूस क्षणभर थबकतोय. मला आयुष्यात दुसरं काही नको होतं. त्या खुर्चीवर बसायचं, पहिला चरण आपण म्हणायचा आणि दुसरा वर्गाने उचलायचा. त्यासाठी बी.ए. व्हायला पाहिजे म्हणून पुण्याला गेलो. तिथं मात्र कवितेपायी तर्कशास्त्र राहिलं, इतिहास अर्धा राहिला. निकाल लागला, पास क्लास. जेमतेम पास. तुम्ही स्टेशनवर न्यायला आला होता. ट्रंक माझ्या हातातून घेतलीत आणि पहिला प्रश्न विचारलात, "कितवा वर्ग?"

"पास क्लास, आप्पा."

"म्हंजे पहिला का दुसरा?"

"दोन्ही नव्हे. त्याच्या खालचा."

तुम्हाला कापडाचं ठाऊक होतं. पहिल्या प्रतीचं पेठेत जातं, दुसऱ्या प्रतीचं खेड्यापाड्यात खपतं, उरलेले तुकडे वजनावर विकतात. तुम्ही जरा वेळ चाललात आणि म्हणालात, "तुकड्यातला माल? तू? ह्या, तपासणाऱ्याचा डोळा लागला आसंल." आणि ट्रंक दुसऱ्या खांद्यावर घेतलीत. विषय संपला. माझ्या मार्कांचा विषय तुमच्यापुरता तिथं, त्या रस्त्यावरच संपला.

पुढे पदवीचा कागद आला. जाड, पिवळसर, वर छापील मजकूर आणि मधल्या जागेत माझं नाव आणि वर्ग शाईनं वळणदार हातानं लिहिलेला. आपल्या मातीच्या भिंतींत वाळवी. आदल्याच वर्षी तिनं खुंटीवरचं पंचांग खाल्लं होतं. गल्लीतले लोक कागद बघायला आले, प्रत्येकानं हात लावला, कोपरा मुडपला. तुम्ही तो बोटानं सरळ करत राहिलात. रविवारी गिरणीला सुट्टी. मी बाहेरून परत आलो तर ओसरीवर पाट, पाटावर माझी पदवी, आणि तुम्ही उकिडवे बसून कुंच्यानं तिला खळ देताय. इकडून तिकडे, तिकडून इकडे, हात कसा सारखा फिरतोय. कीड लागू नये म्हणून खळीत चिमूटभर मोरचूदही घातलेलं. मी दारातच उभा राहिलो. शाई आधी फुगली, मग पसरली, मग निळ्या ओघळात सगळ्या कागदाला लागली.

आई पदराला हात पुसत बाहेर आली. "आवं, पोराचं नाव कुटं गेलं?"

"वाळलं की दिसंल," तुम्ही म्हणालात, पण कुंचा थांबला होता.

"बी.ए.ला वरणात बुडिवलं तुमी!"

मला हसू फुटलं. खरोखरच फुटलं. आईलाही फुटलं. तुम्ही हसला नाहीत. कागद उन्हात वाळला, पापडासारखा ताठ झाला, हिरवट निळा, वाजवला तर वाजेल असा. नाव आणि वर्ग होता तिथं नुसतं आभाळ आल्यासारखं दिसत होतं.

ती मंदीची वर्षं. बी.ए. झालेली पोरं टोप्या सावरत या कचेरीतून त्या कचेरीत फिरत होती. अशात एका खासगी शाळेत मराठी शिकवायची जागा निघाली. शाळेचे चिटणीस नवी पेठेतले कापडवाले शेट. मुलाखत शाळेत नव्हती, त्यांच्या दुकानात गादीवर होती. "बस की रे, उभा का?" असं म्हणून त्यांनी तक्क्या सरकवला आणि हात पुढे केला. मी कागद दिला. त्यांनी तो वाचला नाही. कापडवाल्याचा हात, आधी चिमटीत धरून चोळला. बोटांवर आलेली पांढरी पूड पाहिली. हुंगला. "इल्ली नोड्री," इकडे बघा, असं कानडीत म्हणून दिवाणजींना जवळ बोलावलं आणि त्यांच्याही हातात कोपरा दिला. मग मला म्हणाले, "खळ कुणी दिली ह्याला?"

"वडिलांनी. गिरणीत खळखात्यात आहेत."

"हात चांगला हाय. खळीत भाताचा मांड कमी घातला आसता तर अजून मऊ राहिला आसता." आणि इतके हसले की गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. मीही हसलो. मग त्यांनी डोळे पुसून विचारलं, "नाव तर गेलं. वर्ग कुठला होता?"

वर्गही गेलाच होता. तिथं मी काहीही म्हणालो असतो तर कागद मला खोटं पाडणार नव्हता. मी म्हणालो, "पास क्लास." त्यांचं हसू हळूहळू ओसरलं. त्यांनी मला एक कविता म्हणायला लावली, मी म्हटली.  शेवटचा चरण संपल्यावर त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. "गळा तुझ्यासारखा दुसऱ्या कुणाचा नाही बघ," ते म्हणाले, "पण दुसऱ्या वर्गात पास झालेला एक अर्ज आलाय. सरकारी इन्स्पेक्टर वर्ष संपताना पहिलं तेच विचारतो. कळवतो तुला." आठवड्याभरात दुसऱ्या वर्गवाल्याला जागा मिळाली.

मी घरी येऊन हे जसंच्या तसं सांगितलं. तुम्ही जेवत होता. घास हातातच राहिला. "माज्या खळीनं झालं," तुम्ही म्हणालात. मी म्हणालो, "नाही हो, मार्क कमी पडले. त्यांनी तोंडानं सांगितलं." तुम्ही ताटावरून उठलात. पुढच्या रविवारी धुतलेला सदरा घालून तुम्ही नवी पेठेत गेलात, मला न सांगता. तिथं काय झालं ते शेटनी मला नंतर सांगितलं. तुम्ही पायरीखाली उभे राहिलात आणि हात जोडून म्हणालात, "शेट, चूक माजी हाय, पोराची न्हाई. कागद मी बुडिवला. त्याला घ्या." शेट उठून पायरीवर आले, तुम्हाला वर बोलावलं, तुम्ही आला नाहीत. त्यांनी समजावलं, "आप्पा, कागदाचं काही नाही हो. कागद चांगलाच होता. वर्ग खालचा पडला. दुसरा वर्ग असता तर आजच घेतला असता." तुम्ही मान डोलवलीत, घरी आलात, टोपी खुंटीला लावलीत आणि आईला म्हणालात, "शेट लई भला मानूस. मला वाईट वाटू नये म्हनून पोराच्या मार्कावर ढकलतोय."

मी आतून ओरडलो, "आप्पा, ते खरं आहे!" तुम्ही म्हणालात, "व्हय व्हय. जेव."

मग काही महिन्यांनी त्याच शेटनी मला दुकानात बोलावलं. मुंबईच्या आडत्यांना इंग्रजीत पत्रं लिहायला माणूस हवा होता. त्यांनी एक कागद पुढे सरकवला, दोन ओळी लिहायला सांगितल्या, अक्षर बघितलं आणि उद्यापासून ये म्हणाले. तिथं वर्ग कुणी विचारला नाही, त्या दिवशी नाही आणि पुढे केस पांढरे होईपर्यंतही नाही. म्हणून लोक म्हणतात तेही खोटं नाही. पण दुपारी शाळा सुटायच्या वेळी पोरांचा लोंढा दुकानावरून जायचा, एखादं पोरगं मोठ्यानं कविता घोकत जायचं, चुकीच्या जागी यती घ्यायचं, आणि माझं पत्र अर्ध्यावर थांबायचं. ज्या एका खुर्चीवर बसायचं होतं तिथं मार्कच लागत होते. तुम्ही सुट्टीच्या दिवशी समोरच्या बाजूनं जायचात. मी हात करायचो. तुम्ही क्षणभर थांबून बघायचात आणि पुढे जायचात. त्या दुकानाची पायरी तुम्ही कधीच चढला नाहीत.

शेवटच्या आजारात तुमच्या खात्यातले एक जोडीदार बघायला आले होते. सकाळची वेळ, तुम्हाला उशाशी टेकवून बसवलंय, खोकल्यानं बोलणं तुटतंय. जोडीदार सहज म्हणाले, "पोरगं बरं चाललंय की, पेठेत बसतंय." तुम्ही म्हणालात, "मास्तर व्हायाचं ते. पयल्या वर्गाचं पोर. माज्या खळीनं ऱ्हायलं." मी काढा घेऊन दारातच होतो. म्हणालो, "आप्पा, किती वेळा सांगू, माझे मार्क कमी होते." तुम्ही त्यांच्याकडे बघून हसलात. कुंच्याच्या दिवसापासून तुम्हाला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. "बगा," तुम्ही म्हणालात, "आजून माजीच बाजू घेतंय."

त्यानंतर तो वाद घालायला कुणी राहिलं नाही. आईला माझे मार्क पटलेले होते. बायको थट्टेत 'पास क्लास' म्हणायची, तीही गेली. मुलगा परगावी, त्याला आजोबांनी कागद बुडवल्याची गोष्ट फार आवडते, पण तो शेटचंच खरं धरतो, आणि ते खरंच आहे. उद्या शेजारी येतील. त्यांना सांगेन, मार्क लागतात हो, काही ठिकाणी फारच लागतात, पोरगी उगाच रडत नाहीये. त्यापुढे काय सांगायचं ते अजून जुळत नाही. वर पत्त्यासाठी जागा सोडली होती, ती तशीच राहू दे.

एवढंच कबूल करतो, आप्पा, की कमी मार्कांचं तुम्हाला सांगताना दर वेळी मी आवाज जरा खालीच ठेवायचो. एखाद्या दिवशी तुम्हाला ते खरंच पटेल, याची मला भीती वाटायची.