सारंगी कुणी पळवली

४ जानेवारी २००४, रविवार

संकल्प. यंदा रोज एक अल्बम पुरता ऐकायचा. पिठाची गिरण बंद झाल्यावर, शांतपणे, टिपणं काढत. गेल्या वर्षीही हाच संकल्प होता, पण साधन नव्हतं. आज पनवेलहून हेडफोन आणला. कान पूर्ण झाकणारा, इंपोर्टेड. चंद्रावती म्हणाली, हे घालून विमान चालवणार काय. दुर्लक्ष केलं. घरात नवरा जाणकार असला की बायकोला ते कळत नाही.

आमचं 'आस्वाद श्रोता मंडळ' महिन्याच्या शेवटच्या रविवारी रोह्याला हैबतरावांच्या घरी जमतं. एक जुना अल्बम, एक नवा. ऐकायचं आणि मत सांगायचं. हैबतराव रिटायर्ड हेडमास्तर, त्यांच्याकडे दोन मोठे स्पीकर आहेत. स्पीकर त्यांचे, पण मंडळाचा कान म्हणजे मी. कुणी तसं तोंडावर म्हणत नाही. पण मी मत द्यायला लागलो की सगळे गप्प होतात, त्यावरून समजतं.

१६ जानेवारी

संकल्प उद्यापासून. हळदीकुंकू, घरात बायका.

१८ जानेवारी, दुपार

मोठा शोध! या महिन्याचा जुना अल्बम 'उत्तरसांज'. गझला. कॅसेट झिजेपर्यंत ऐकलेला. आता सीडी निघाली. हेडफोन लावून ऐकतो तर सारंगी गायब! तबला आहे, बाईंचा आवाज आहे, सारंगी नाही. आधी वाटलं माझं लक्ष नव्हतं. पुन्हा ऐकलं. नाहीच.

म्हणजे कंपनीने नवी आवृत्ती काढताना सारंगी सरळ उडवली. वादकाची रॉयल्टी वाचवायला, दुसरं काय. आणि अख्ख्या महाराष्ट्रात कुणाच्या लक्षात आलं नाही. आलं ते पेणच्या एका गिरणीवाल्याच्या.

निबंध लिहायला घेतला. नाव: 'सारंगी कुणी पळवली?'

२५ जानेवारी, रविवार

रोह्याहून आत्ताच आलो. डोकं तापलंय.

अल्बम लावायच्या आधी मी प्रास्ताविक केलं. निबंध पूर्ण वाचला. मग हैबतरावांनी माझीच सीडी लावली. पहिल्याच गझलेत सारंगी. जनू मोठ्याने हसला. जनू म्हणजे आमच्या पेणचाच, गणपतीच्या कारखान्यात डोळे रंगवतो, दळणाला आला की चंद्रावतीशी गप्पा मारत बसतो. संगीतावर त्याचं मत एका शब्दाचं असतं, "भारी!" असल्या माणसाने हसावं!

मलाही सारंगी ऐकू आली. इथे खोटं कशाला लिहू. पण माझी खात्री आहे, हैबतरावांच्या मशीनमध्ये उडालेला आवाज भरून काढणारं एखादं बटण असणार. मी तसं सुचवलं. हैबतराव म्हणाले, "दत्तात्रेय, एकदा कान दाखवा." मी म्हटलं, कान दाखवायचा नसतो, द्यायचा असतो. टाळी मिळायला हवी होती. मिळाली नाही.

परतीच्या गाडीत जनूशी बोललो नाही. तो बोलत असावा. डावीकडे बसला होता.

३ फेब्रुवारी

चंद्रावतीची भुणभुण. म्हणे, तुम्ही टीव्ही फार मोठा लावता. म्हणे, मी हाक मारली की तुम्ही भलतीकडे बघता. मी समजावून सांगितलं की सतत उच्च दर्जाचं ऐकणारा माणूस निवडक ऐकायला लागतो. ती म्हणाली, मग दळणाला आलेल्या बायांचं तरी निवडा. काल एकीने ज्वारी बारीक सांगितली आणि मी रवाळ दळून दिली. ती बाई तोंडातल्या तोंडात बोलते, त्याला मी काय करणार?

१० फेब्रुवारी

मारुती गिरणीत आला होता. निडीचा पोरगा, डोलवीला ठेकेदाराकडे शिफ्टमध्ये काम करतो. मंडळाचा नवा मेंबर. त्याने स्वतःचा अल्बम काढलाय! पनवेलच्या स्टुडिओत रेकॉर्ड केलेला. नाव 'अल्याड पल्याड'. या महिन्याचा नवा अल्बम म्हणून हैबतरावांनी हाच ठरवलाय.

मोटर चालू असल्यामुळे त्याचं सगळं बोलणं कळलं नाही. शेवटचं कळलं: "शेट, तुमचा मत पयला पायजे." बघा. माणूस कुठल्याही गावचा असो, जाणकार ओळखतो.

कव्हरवर मारुती आणि त्याच्या आईचा फोटो. हल्ली भावनिक जाहिरात फार झाली आहे.

२२ फेब्रुवारी

'अल्याड पल्याड' हेडफोनवर ऐकला. निराशा. आवाज गोड आहे, नाही म्हणत नाही. पण रचना? एक ओळ म्हणतो आणि थांबतो. नुसती ढोलकी वाजत राहते. मग पुढची ओळ. पुन्हा थांबतो. प्रत्येक गाण्यात तेच. श्वास पुरत नसावा.

गोड बोलून कलाकाराचं नुकसान होतं. परखड लिहिणार.

२९ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळ

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.

मारुतीने आईला आणलं होतं. भागीबाई. नवं लुगडं नेसून, पदर सावरून दाराशी बसल्या होत्या. हैबतरावांनी खुर्ची दिली तर "नको, हितंच बरी हाय" म्हणाल्या. मला वाटलं, मुलाचं कौतुक बघायला आल्यात.

मी नेहमीप्रमाणे आधी उभा राहिलो आणि वाचलं. "मारुती एक ओळ गातो आणि मग तितकाच वेळ काही नाही. ही रिकामी जागा श्रोत्याने का सोसावी? तिथे व्हायोलिन भरा, निदान घुंगरू तरी भरा. काहीही चालेल, कारण आत्ता तिथे जे आहे ते असून नसल्यासारखं आहे."

शेवटचं वाक्य रात्रभर घासून तयार केलं होतं. खोलीत चिडीचूप. मला वाटलं, लागलं बरोबर.

मग हैबतरावांनी सीडी लावली. मारुतीने ओळ म्हटली, थांबला. आणि त्या थांबण्यात एक बाई गायला लागली. जाडाभरडा, मोकळा आवाज, बांधावरून पलीकडच्या शेतात हाक मारावी तसा. मग तो. मग पुन्हा ती. नदीच्या या काठाला मुलगा, त्या काठाला आई. सगळा अल्बम तसा.

मी भागीबाईंकडे बघितलं. त्या फरशीकडे बघत होत्या.

दुसरं गाणं संपायच्या आत मारुती उठला. "आये, चल, गाडीचा टाईम झाला," म्हणाला. गाडीला चिक्कार वेळ होता.

हैबतरावांनी सीडी काढून कव्हरात ठेवली. ओरडले असते तर बरं झालं असतं.

१ मार्च

शांत डोक्याने विचार केला. चूक हेडफोनची आहे. इंपोर्टेड म्हणून डोळे मिटून घेतला. दुकानदाराला सोडणार नाही.

४ मार्च

मारुतीची सीडी घेऊन पनवेलला जाऊन आलो. दुकानदाराने हेडफोन स्वतः लावून बघितला, म्हणे एकदम ओके. मी म्हटलं, मला बाईचा आवाज येत नाही. त्याने हेडफोन फिरवला, उलटा करून माझ्या डोक्यावर बसवला. "आता?"

आता बाई खणखणीत. मारुती गायब!

म्हणजे त्याने हातचलाखीने एक वायर जोडली आणि दुसरी तोडली. मी तसं म्हणालो. दुकानात दोन कॉलेजच्या पोरी होत्या, त्या हसल्या. दुकानदार हसला नाही. खुर्ची पुढे सरकवून हळू आवाजात काहीतरी म्हणाला. मी "काय?" म्हटलं. तो उजवीकडे येऊन म्हणाला, "काका, माझे वडील पण तसंच करायचे."

कसंच? उद्धट पिढी.

९ मार्च

कानाचे डॉक्टर. चंद्रावतीचं समाधान व्हावं म्हणून गेलो. बंद खोलीत बसवून शिट्ट्या वाजवल्या. उजव्या कानात वाजवल्या. डाव्यात त्यांनी वाजवल्याच नाहीत, तसं मी सांगितलंही. डॉक्टरांनी मला कागदावरची रेघ दाखवली. घाट उतरावा तशी खाली गेलेली.

विचारलं, धंदा काय? गिरण. मोटर कुठल्या हाताला?

डाव्या.

म्हणाले, हळूहळू गेलाय, म्हणून तुम्हाला कळलं नाही. मशीन लावा, पुष्कळ फरक पडेल. मी म्हटलं, बघू. संगीतातल्या माणसाने सेकंड ओपिनियन घेतलं पाहिजे.

चंद्रावतीला सांगितलं, मळ होता.

१४ मार्च

हैबतरावांचा फोन. पाडव्याला निडीत मारुतीचा कार्यक्रम आहे. भागीबाई गाणार नाही म्हणतात. मारुतीने एक कीबोर्डवाला ठरवलाय. रिकाम्या जागा तो भरणार. "तुमच्या सूचनेप्रमाणे," हैबतराव म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदा माझी सूचना कुणी अमलात आणली.

जेवण गेलं नाही.

१७ मार्च

गिरण बंद ठेवून निडीला गेलो. भागीबाई अंगणात वाल सोलत होत्या. म्हणाल्या, "बसा शेट." पाणी दिलं. मी सुरुवात केली. हेडफोन, त्यातल्या दोन वायरी, डावा चॅनल, उजवा चॅनल. बराच वेळ बोललो. त्यांचं सोलणं चालूच.

मग म्हणाल्या, "कशाला वायरीव घालताव? तुमी जानती मानसा. असून नसल्यावानी हाय म्हनलाव, ता खराच असंल. मी काय गानारीन नाय. पोराच्या हौसंला गायले."

वाक्य पाठ होतं त्यांना. माझं वाक्य. इतक्या वर्षांत माझं एक तरी वाक्य कुणाच्या लक्षात राहावं अशी इच्छा होती.

मी म्हटलं, "बाई, मला या कानाने ऐकू येत नाही."

हे मी मोठ्याने पहिल्यांदाच बोललो. चंद्रावतीलाही सांगितलं नव्हतं.

त्यांनी हातातला वाल टाकला. उठून माझ्या डाव्या अंगाला आल्या. थोडा वेळ तिथे उभ्या राहिल्या. मग उजवीकडे येऊन म्हणाल्या, "आता काय सांगला मी?" मी म्हटलं, तुम्ही काही बोललातच नाही.

अशा हसल्या! डोळ्यांना पदर लावून हसल्या. मग घरात तोंड करून ओरडल्या, "मारुती! अरं, शेट बहिरा हाय रं! माजा आवाज चांगला हाय!"

शेजारच्या दोन घरांतून माणसं बाहेर आली. त्यांनाही सांगितलं. निडीत आता कुणाला माहीत नाही असं नाही. मारुती बाहेर आला, तो आधी हसला नाही. मग म्हणाला, "गिरणीत तुमाला सांगला व्हता मी. आई पन गाते म्हनून."

मोटर चालू होती. निघताना भागीबाईंनी पिशवीभर वाल दिले.

२१ मार्च, पाडवा

भागीबाई गायल्या. कीबोर्डवाला नुसता बसून होता. मी स्टेजच्या डाव्या टोकाला बसलो, म्हणजे चांगला कान बरोबर त्यांच्याकडे. मत विचारलं नाही कुणी. मीही दिलं नाही. फक्त कार्यक्रम संपल्यावर ध्वनिव्यवस्थेवर थोडं बोललो. माईकवाला निघून गेला.

२५ मार्च

मशीन बसवलं. चंद्रावती डॉक्टरांच्या दारात फक्त "मळ" एवढं म्हणाली. ऐकू आलं.

अजब दुनिया आहे. पंखा वाजतो. चप्पल वाजते. जिना उतरताना माझे गुडघे वाजतात, हे कुणी सांगितलं नव्हतं.

रविवारची तयारी जोरात. आता मंडळाला माझा पूर्ण कान मिळणार. आजवर मी अर्ध्या कानावर एवढं केलं! निबंध मोठा झालाय, पण विषयच तसा आहे: 'ऐकणे म्हणजे काय?'

२८ मार्च, रविवार. संध्याकाळ

हैबतरावांकडे सगळे जमले. मारुती आणि भागीबाईसुद्धा. मी कागद काढले. चष्मा पुसत होतो, तेवढ्यात मागून जनूचा आवाज आला. कुजबुजला होता, पण मशीन चांगलं आहे. तो हैबतरावांना म्हणाला, "यांचं सुरू झालं की आपण मागच्या पडवीत चहा घेऊ. नेहमीसारखं."

मी खरंच मागे वळून कधी बघितलं नव्हतं. वाचताना मान खाली असते.

कागद घडी करून खिशात ठेवले. म्हटलं, आज आधी ऐकू या. हैबतराव माझ्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी घाईने अल्बम लावला, माझा विचार बदलायच्या आत.

अल्बम संपला. कुणीतरी बोलायला लागलं. मग दुसरं. भागीबाई म्हणाल्या, तिसऱ्या गाण्यातली बाई रडून झाल्यावर गायला बसली असावी. हैबतराव त्यांच्याशी भांडले. मारुतीने मध्ये पडून एक ओळ गाऊन दाखवली. जनू किती वेळ बोलत होता! जनू! सुरुवात "भारी" अशीच केली, पण त्यापुढेही त्याच्याकडे पुष्कळ होतं. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, चांगलं आहे. सगळ्यांनी मान डोलावली आणि पुढे बोलायला लागले.

घरी आलो. चंद्रावती ओट्याशी पाठमोरी होती. विचारलं, कसं झालं. मी म्हटलं, आज सगळेच बोलले, छान बोलतात की.

ती पाठमोरीच, आवाज न चढवता म्हणाली, "ते दर महिन्याला बोलतात."

मी म्हटलं, काय? ऐकू आलं नाही.

आलं होतं.