पाच मिनिटांचा फोन

प्रिय ताई,

सिगारेट सोडताना डॉक्टर म्हणाले होते, तलफ आली की कुणाशी तरी पाच मिनिटं बोला. मी तुझं नाव सांगितलं होतं. आता तू नाहीस, तरी दुपारी छापखान्यातलं यंत्र थांबलं की हात खिशाकडे जातो आणि मी तुलाच फोन लावतो. भाऊजी उचलतात.

"आली का रे तलफ?"

"आली."

"मग धर फोन. ती असती तर कान उपटले असते तुझे."

मग पाच मिनिटं फोन तसाच चालू राहतो.

आज पलीकडून काडी ओढल्याचा आवाज आला. तुझ्या शब्दाखातर त्यांनी वीस वर्षांपूर्वी सिगारेट सोडली होती. त्यांना अडवायला मी तोंड उघडलं, आणि विचारलं, "कुठली ओढताय?"

तुझा,
धाकटा