आईच्या कॉम्प्युटरचं फाटक

३ ऑगस्ट, सोमवार
आईची स्क्रीन उलटी झाली! गावाहून, पीलारहून फोन — अक्षरं डोक्यावर उभी आहेत म्हणे. चर्चच्या उत्सव समितीची ती चिटणीस, यादी उद्याच द्यायची. मी इथे राजधानीत, असुन्सिओनला, इस्पितळाच्या नोंदणी खिडकीवर, फोन मानेत धरून सांगतेय की दोन बटणं एकदम दाब, सोडू नकोस. ती सोडते. पाऊण तास हेच. शेवटी तिने मॉनिटरच उलटा ठेवून यादी छापली. "समजलं का?" असं एकदा विचारलं तर भडकली. चाळीस वर्षं शाळेत तिने हाच प्रश्न दुसऱ्यांना विचारला ना!

आता पुरे. इथे बसून तिचा कॉम्प्युटर हाताळता येईल असलं काहीतरी हवं.

५ ऑगस्ट
तसली तीन ॲप बघितली. पहिलं फुकट, पण पाच मिनिटांत हाकलून देतं — मी यातून धंदा करतेय असा त्याला संशय. दुसऱ्याला दोन्हीकडे खातं आणि पासवर्ड लागतो. आई पासवर्ड कॅलेंडरवर लिहिते आणि महिना संपला की पान फाडून टाकते. तिसरं बरं. तिच्या स्क्रीनवर नऊ आकडे येतात, ते तिने मला सांगायचे. मग "आत येऊ द्यायचं का?" असं तिला विचारलं जातं आणि ती हो म्हणाली तरच मी आत.

तिसरंच घेते.

८ ऑगस्ट, शनिवार
बसवलं! आकडे तौरिनोकाकांनी वाचून दाखवले. शेजारचे, नदीवरचा तराफा चालवायचे, आता निवृत्त, बायको जाऊन बरीच वर्षं झाली. आईचा चष्मा सापडत नव्हता म्हणे. मी इथून बाण हलवला तर आई लहान मुलीसारखी हसत सुटली. किती दिवसांनी ऐकलं ते हसणं. फार बरं वाटलं.

पण एक गोष्ट मी गुपचूप केली. सेटिंगमध्ये कायमचा पासवर्ड टाकून ठेवला — पुढच्या वेळी आकडे नकोत, तिची परवानगीही नको. तिच्या डोक्याला कशाला ताप, अशी स्वतःची समजूत घातली.

११ ऑगस्ट
प्रिंटर अडला होता. आत शिरून नीट केला. आईला वाटतंय आपोआप झाला.

१४ ऑगस्ट
काय करून बसले मी!

दुपारी दीड. या वेळी अख्खं पीलार झोपलेलं असतं, आईसुद्धा. म्हटलं, अपडेट टाकून घ्यावं. आत गेले तर कागद उघडा, आणि त्यावर माझ्याच नावाने एकेक अक्षर उमटतंय: "निमिया, तोंडावर सांगायचं धाडस होत नाही. गेले काही महिने मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवतेय —"

तिथेच बंद करायला हवं होतं. मी वाचत बसले. माझा हात हलला, तिकडे बाण हलला. टायपिंग थांबलं. मग सावकाश दोन शब्द आले.

"कोण आहे?"

मी चोरासारखा लॅपटॉप मिटला.

१५ ऑगस्ट
देवमातेच्या सणाची सुट्टी. सकाळीच फोन केला, सगळं कबूल केलं. आमच्याकडे सख्खा भाऊ आला तरी फाटकाबाहेर उभा राहून टाळ्या वाजवतो, आतून "या" आल्यावरच कडी काढतो. हे मला तिनेच शिकवलेलं.

"तुझा बाप गेल्याचं सांगायला पोलीस आला," ती म्हणाली, "तोसुद्धा बाहेर उभा राहून टाळ्या वाजवत होता. आणि तू माझ्या कागदात येऊन बसलीस."

तिने फोन ठेवला.

१७ ऑगस्ट
उचलत नाही. काय लपवतेय? दिवसभर माझ्या खिडकीपुढे रिपोर्ट घेतलेली माणसंच उभी असतात, मला दुसरं काय सुचणार? ईस्टरला ती बारीक दिसली होती. मी विचारलं नव्हतं.

तो पासवर्ड काढून टाकायचाय. पण त्यासाठी पुन्हा आत जावं लागेल — पुन्हा न विचारता! नाही जाणार.

१९ ऑगस्ट
तिनेच काढावा म्हणून सगळ्या पायऱ्या मेसेजमध्ये लिहून पाठवल्या. एकदाही "समजलं का" लिहिलं नाही. खाली लिहिलं, चुकले. आता तू बोलावशील तेव्हाच येईन.

२० ऑगस्ट
"काढला. एकटीने." एवढंच उत्तर. मी ते चारदा वाचलं.

२३ ऑगस्ट, रविवार
आईचा फोन. नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट नऊ आकडे. मी विचारणा पाठवली, तिने हो दाबलं. तोच कागद, आता पुरा लिहिलेला. "तौरिनो आणि मी. तुझ्या बापाला जाऊन अकरा वर्षं झाली. तू तोंड फिरवशील याची भीती वाटते."

आजार नाही! मला रडूच फुटलं, फोनवर बोलता येईना. म्हणून त्याच कागदावर खाली टाइप केलं. आमच्या लग्नांत मक्याचा खारा केक असतोच, त्यामुळे 'लग्न कधी' असं कुणी विचारत नाही, केकचंच विचारतात. मीही लिहिलं, "मग केक कधी?"

खाली तिची अक्षरं एकेक करून आली.

"खाऊन झाला. जूनमध्ये."