आमची क्लिप पहिली

२ मार्च
आजपासून रोजनिशी. मी बोलते, फोन लिहितो. लिहिलेलं मला वाचता येत नाही, म्हणजे चोरून वाचणारं एक माणूस तरी कमी.

विषय गंभीर आहे. पंधरा तारखेला आमच्या लग्नाला पन्नास वर्षं होतात. धाकट्या जाऊने तिच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला घरच्यांची फिल्म दाखवली होती. पाहताना ह्यांचे डोळे भरून आले. माझ्यामुळे आजवर फक्त मी कांदा चिरताना भरले. मी तिच्यापेक्षा लांब फिल्म करणार. आणि स्वतः.

५ मार्च
मुलांकडून मागवलेल्या क्लिपा आल्या. लेकीच्या सगळ्या उभ्या, जिन्यासारख्या. थोरल्या लेकाच्या कॅमेऱ्यातल्या इतक्या स्वच्छ, की त्याच्या सासऱ्यांच्या नाकातले केसही दिसावेत. आमच्या दोघांची मात्र जुन्या डबडा फोनवरची, काडेपेटीएवढी. पाची बोटं सारखी नसतात.

६ मार्च, दुपार
सूनबाई म्हणाली, आई, आधी सगळ्या क्लिपा एका मोठ्या मापाच्या करून घ्या, मग जोडा. बरं हो, म्हटलं. हिला भाजी चिरायला मी शिकवलं, आता ही मला मापं शिकवणार! अक्षरांशी माझं जमलं नाही, पण चित्रांशी वाकडं नाही. कात्री म्हणजे कापा, अधिक म्हणजे जोडा. झालं की!

९ मार्च
मापांच्या भानगडीत न पडता थेट जोडायला बसले. पहिली आमची दोघांची. सूनबाई डोकावलीच. म्हणे, हे ॲप पहिल्या क्लिपचं माप पुढच्या सगळ्यांना लावतं, ती लहान क्लिप मागे घ्या. आमच्याच फिल्ममध्ये आम्ही मागे? मुळीच नाही. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचं माप सगळ्यांना लागलं तर बिघडलं कुठे? तेवढंच घराला वळण.

१२ मार्च
फिल्म तयार! जरा धुरकट वाटली. चष्मा पुसला. तरी धुरकट. चष्म्याचा नंबर वाढला असणार. शिवाय टीव्ही मोठा, त्यावर सगळं मोठंच दिसेल.

१३ मार्च
फोन भरला म्हणून कुरकुरायला लागला. सुट्या क्लिपा पुसून टाकल्या. गरज सरो, वैद्य मरो. लेकीला आणि थोरल्यालाही पुसायला लावल्या. एका घरात दोन चुली नकोत. जन्मात पहिल्यांदा दोघांनी माझं लगेच ऐकलं.

१५ मार्च, संध्याकाळ
फिल्म लावली. आम्ही दोघं टीव्हीवर आलो. निदान दोन भुरके ठिपके आले. त्यांच्यामागून सगळं घराणं, सारखंच भुरकं. लेकीने विचारलं, ही जाडी कोण? ती स्वतःच होती. थोरल्याचे सासरे तर दरवाजा आहेत की माणूस, यावर दोन पक्ष पडले. एकाने टाळी वाजवली. डास होता.

सूनबाई काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

१६ मार्च
सकाळी ह्यांना विचारलं, फिल्म कशी वाटली खरं सांगा. हे म्हणाले, लांब होती. मग म्हणाले, धाकटीची लाव ना एकदा, तिच्यात तू फार छान दिसतेस.

हे मला आजवर बोलले नव्हते. लाजावं की रडावं, कळेना.

जाऊला फोन केला. ती म्हणाली, ताई, देते की, त्यात काय! आणि तुमच्या सुट्या क्लिपा मला पाठवा, मी जोडून देते.

पाठवते म्हटलं.