समोरच्या झाडावरची काकणं

॥ श्री ॥
सेंगकांग, सिंगापूर
ता. ८ जानेवारी २००६

चि. सौ. सुचित्रास दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. यशोधन आणि सविता सकाळी इथल्या MRT रेल्वेने ऑफिसात जातात, श्रिया शाळेत जाते आणि मी अकराव्या मजल्यावर घर राखतो. तशी इथे कोणाला राखणीची गरज नाही. गेल्या आठवड्यात सविताला म्हटलं, परतीचं तिकीट अलीकडचं घेऊ. त्या बिचारीने संध्याकाळी माझ्यासाठी थालीपीठ केलं.

दुसऱ्या दिवशी कालव्यापलीकडून एक आवाज आला. बदकं भांडावीत तसा. मी उडालोच. आपल्या हर्णैच्या बंदरावरचं काकण इथे? श्रियाला दुर्बीण देऊन गॅलरीत उभं केलं. खरोखरच काकण, पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड! उंच झाडाच्या शेंड्यात काटक्यांचा ढीग, त्यात आई-बाप आणि कापसाच्या बोळ्यांसारखी दोन पिल्लं. थोरलं पिल्लू धाकटीला टोचून टोचून बेजार करतं, पण तीही त्याच्या चोचीतला मासा पळवते. तिचं नाव मी सुची ठेवलं आहे. राग मानू नकोस. बांगड्याच्या तुकडीवरून तू लहानपणी माझे जे हाल केलेस, त्याला स्मरून ठेवलं.

मला स्वतःला झाडाच्या जागी नुसता हिरवा डाग दिसतो. श्रिया सांगते आणि मी ऐकतो. डोळ्याजवळ सुरी येणार या कल्पनेनेच मला घाम फुटतो, हे तुला ठाऊक आहे. तरी मोतीबिंदूसाठी मार्चमधली तारीख घेतली. सुची उडेल ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं म्हणजे काय?

मेहुण्यांना नमस्कार. लोभ आहेच, कुरबुरीसकट वाढवावा.

तुझा दादा


सेंगकांग
५ फेब्रुवारी

ती. सुचित्राआजीस श्रियाचा साष्टांग नमस्कार.

हे पत्र आईने चेक केलेलं नाही, म्हणून चुका असतील. सॉरी हं.

आजी, प्रॉब्लेम झालाय. छोटी सुची मेली. चायनीज न्यू इयरच्या आधीच. मोठा सगळं खायचा आणि तिला बाजूला ढकलायचा. एक दिवस ती उठलीच नाही. मी शाळेतून आले आणि आबांनी विचारलं, आज सुचीने काय खाल्लं? मी म्हटलं, मासा. मग रोजच सांगायला लागले. काल मी सांगितलं की सुचीने मोठ्याच्या डोक्यावर पाय दिला. आबा इतके हसले की त्यांना खोकला आला.

खरं सांगितलं तर आबा ऑपरेशन करणार नाहीत. ते बाबांना म्हणाले की ते फक्त सुचीसाठी करतायत. नाही सांगितलं तर ऑपरेशननंतर त्यांना दिसेलच ना, एकच आहे. हाऊ लाह? काय करू मी? तू आबांची बहीण आहेस, म्हणून विचारते. प्लीज कोणाला सांगू नको.

तुझी श्रिया


हर्णै
ता. १६ फेब्रुवारी

चि. श्रियास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. मी गेल्याची बातमी मलाच कळवणारी तू पहिली. वाचून वाईट वाटलं आणि मग, खरं सांगते, हसूही आलं. आता मी दुप्पट जगेन.

बाळ, काकणांची दोन पिल्लं असली तरी बऱ्याचदा एकच मोठं होतं. आमच्या बंदरावरही मी हे पाहिलं आहे. तुझ्या हातात काही नव्हतं. आबांना हसवलंस, त्याबद्दलही रागावणार नाही. पण डोळा त्यांचा आहे. त्यांना फसवून तो उघडायचा नाही. ऑपरेशनच्या आधी तूच सांग, जवळ बसून. ते नाही म्हणाले, तर नाही. हेकट आहेत, पण तुझ्यावर रुसून त्यांना दोन जेवणंही जायची नाहीत.

मी दादाला यातलं काही लिहीत नाही. काय झालं ते कळव, जीव टांगणीला आहे.

तुझी आजी (हयात)


सेंगकांग
ता. २६ मार्च २००६

चि. सौ. सुचित्रास आशीर्वाद.

तुम्हा दोघींचं कारस्थान श्रियाच्याच तोंडून उघडकीला आलं आहे. ऑपरेशनच्या सकाळी मी, यशोधन आणि श्रिया टॅक्सीने निघालो. वाटेत तोआ पायोहच्या जवळपास पोरीने माझा हात धरला आणि म्हणाली, "आबा, सुची नाहीये. खूप आधीच गेली. मी खोटं सांगत होते." आणि रडायलाच लागली. यशोधनने टॅक्सी बाजूला घ्यायला सांगितली.

खोटं कशाला लिहू, सुचे, परत फिरावंसं वाटलं. सबब आयती हातात आली होती. एवढ्याशा पक्ष्यासाठी रुमाल काढावा लागला, याचीही लाज वाटली. मग श्रियाकडे पाहिलं. शेजारी बसलेल्या नातीचा चेहरासुद्धा मला धड दिसत नव्हता. मी म्हटलं, "उरलंय ते तरी नीट बघू." यशोधनने ड्रायव्हरला चला म्हटलं. सुरीचं म्हणशील, तर ती कधी आली नि गेली ते कळलंही नाही.

थोरल्यावर माझा राग होता. पट्टी निघाली, दुर्बीण लावली आणि पाहतो तर तपकिरी, भेदरलेलं पोर काठावर बसलंय. पंख हलवायचं आणि पुन्हा आत सरकायचं. राग टिकला नाही.

काल सकाळी आई मासा घेऊन आली ती घरट्यात उतरलीच नाही, पलीकडच्या झाडावर जाऊन बसली. पोर काठावर आलं, पुढे झुकलं. मी श्रियाला विचारलं, दिसतंय ना? वळून पाहिलं तर तिने दुर्बीण खाली सोडून डोळे गच्च मिटले होते. एक गेलेलं पाहिलंय तिने. दुसरं पडताना पाहायचं नव्हतं.

मग मीच सांगत गेलो. उडी मारली, म्हटलं. खाली आलं, आणखी खाली, फांदीला घासलं. आता पंख पसरले. कालव्यावरून चाललंय. वर येतंय. श्रिये, वर येतंय, बघ.

तिने डोळे उघडले तेव्हा ते आमच्या गॅलरीसमोरून जात होतं.

लोभ करतेसच, कारस्थानंही करत जा.

तुझा दादा