उजवा डोळा तसाच ठेवायचा

मॅडम, गेल्या वर्षी कंपनीत मी एका कागदावर सही करायला नकार दिला, आणि तेव्हापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय. तुम्ही आधी कारण विचारलं असतं, आणि माझ्या उत्तरात 'दया' हा शब्द आला असता तर पुढचं ऐकूनच घेतलं नसतं.

भोसरीतल्या त्या लॅबमध्ये ससा धरायला मला तुम्हीच शिकवलंत. कानाला हात लावायचा नाही. एक हात मानेमागच्या सैल कातडीवर, दुसरा मागच्या पायांखाली, आणि अंगाशी धरायचा. दापोडीच्या चाळीतून आलेली, नुकती बीएस्सी झालेली मी. साबण-शांपूच्या कंपन्यांचा माल इथे तपासतात, एवढंच ऐकून आले होते. तुम्ही ड्रॉपरने एक थेंब सशाच्या डाव्या डोळ्यात सोडता. उजवा तसाच ठेवायचा, तुलनेला. त्याला पंजाने डोळा चोळता येऊ नये म्हणून धड पेटीत, डोकं तेवढं बाहेर. मग आपण लाली, सूज, पाणी बघून नोंदी करतो, आणि काही दिवसांनी त्या सशाचं काम संपतं. शेवटचं इंजेक्शन तुम्ही दुसऱ्या कुणाला कधी देऊ दिलं नाहीत. दार लावून घेऊन स्वतः द्यायचात, आणि त्या दिवशी तुमचा डबा न उघडताच घरी परत जायचा.

ससे ओरडत नाहीत असंच मला वाटायचं. एका दुपारी एक ओरडला, अगदी तान्ह्या बाळासारखा. सँपल कुठल्याशा स्वस्त शांपूचं होतं. मी मागाहून त्याच बाटलीत पीएचची पट्टी बुडवली तर ती गडद निळी झाली. ती तुमच्यापुढे धरून मी म्हणाले, हे जाळणार हे आधीच कळलं असतं की. तुम्ही सगळ्यांसमोर मला झापलंत. "तुझ्या दयेवर मी बाटलीवर सही करू का?" म्हणालात. मी बाथरूममध्ये जाऊन रडले, थोडी अपमानानं आणि थोडी त्या आवाजानं.

त्या रविवारी तुम्ही मला संत तुकाराम नगरातल्या घरी जेवायला बोलावलंत. तुम्ही ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या, भाकरी थापताय, आणि मी काय बोलावं ते न सुचून लसूण सोलतेय. वळून न बघताच तुम्ही बोलायला लागलात.

"ते शांपू कुणा ना कुणा पोराच्या डोळ्यात जाणारच. आधी सशाच्या जातं, कारण सशाची आई भांडायला येत नाही. हे पाप आहे, मला माहितीय. पण न तपासता सही करणं मला त्याहून मोठं पाप वाटतं." मग भाकरी तव्यावर टाकून म्हणालात, "पट्टीचं मात्र तुझं बरोबर होतं."

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक सँपलची आधी पट्टी व्हायला लागली. निळीशार झाली की माल तसाच कंपनीला परत, सशाला हात लावायचा नाही. काही कंपन्या दुसरीकडे गेल्या, मालक चिडले, तुम्ही हटला नाहीत. बाकीचे थेंब मात्र पडतच राहिले. तुम्ही टाकलेत, मीही टाकले.

तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या करायला आपल्याकडे बंदी आली. पिंजरे भंगारात गेले आणि मी चाकणच्या एका कंपनीत माल तपासायची नोकरी धरली. इथे फेसवॉश बनतो आणि भांडी घासायचं लिक्विडही. फेसवॉश बंदीत बसतो, लिक्विड बसत नाही. गेल्या वर्षी परदेशातल्या एका खरेदीदाराने त्या लिक्विडसाठी सशाच्या डोळ्याचा रिपोर्ट मागितला. आमचा मॅनेजर लातूरकडचा, माझ्याहून बराच लहान, सभ्य मुलगा. म्हणाला, "मॅडम, बाहेरच्या लॅबला पाठवू. आपल्याला थोडेच ससे पाळायचेत?" त्या परवानगीच्या कागदावर मी सही केली नाही. आता माणसाच्या पेशींपासून डोळ्याचा पापुद्रा वाढवतात, छोट्या छोट्या कपांत, आणि त्यावर थेंब टाकला की जे कळायचं ते कळतं, हे मी त्याला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग विचारलं, तोवर ऑर्डर अडकली तर पॅकिंगच्या कंत्राटी बायकांना काय सांगू?

शेवटी पेशींवरचीच चाचणी झाली आणि आमचं लिक्विड नापास झालं. फॉर्म्युला बदलला, पुन्हा चाचणी केली, या वेळी पास. खरेदीदार बऱ्याच पत्रापत्रीनंतर तयार झाला, पण ऑर्डर कमी करून. मधल्या काळात पॅकिंगच्या काही बायकांना घरी बसवलं, त्यातल्या सगळ्या अजून परत आलेल्या नाहीत. एकजण गेटवर भेटली. मी काही बोलायच्या आत तिनेच विचारलं, बऱ्या आहात ना ताई. सशांचं तिला मी काय सांगणार होते? तरीही तो कागद पुन्हा समोर आला तर मी पुन्हा नाहीच म्हणेन.

पास झालेल्या लिक्विडची एक बाटली मी पुनावळ्याच्या घरी आणली. काल मी भांडी घासत होते, तर माझी नात स्टूलावर चढली आणि तिने फेसात हात घातला. तोच हात डोळ्याकडे नेताना दिसला आणि मी तो घट्ट धरला, नळाखाली पुन्हा पुन्हा धुतला. रिपोर्ट माझ्याच टेबलावरून गेलेला, खाली सही माझी. कपातल्या पेशी खोटं बोलत नाहीत, हे मी सगळ्यांना समजावत फिरते आणि ते मला पटलेलंही आहे. आता सांगतेय ते कंपनीत कुणाला सांगता येणार नाही, आणि तुम्ही समोर असता तर तुम्हालाही सांगितलं नसतं. पण मॅडम, तिचा हात धरून उभी होते तेव्हा एक क्षण मला सशाचा रिपोर्ट हवा होता.