कानामागचं ब्लीच

गुरुवार, परतूर

आज माझ्या लेकीनं, पल्लवीनं, पार्लरची लाज राखली. परवा जिचं लग्न आहे ती नवरी चेहऱ्याला ब्लीच करायला आल्ती. पल्लवी म्हणाली, "आधी कानामागं थोडं लावून बघू." नवरीची मावशी भडकली, "आम्हाला जल्दी आहे, दुसरीकडं जातो!" आणि मी? गिऱ्हाईक जाईल म्हणून लेकीकडंच डोळे वटारले. ती हलली न्हाई. दहा मिनिटांत कानामागं लालभडक चट्टा उठला. पल्लवीनं लगेच गार पाण्यानं धुतला. तो चट्टा गालावर उठला असता तर? मावशीनं चट्टा जवळून बघितला, मंग म्हणाली, "पोरी, लग्नाला तूच तयार कर हिला."

डोळे वटारल्याची अजून लाज वाटून राह्यली. पण वाटतं, पार्लरच्या पाटीवर आता पल्लवीचं नाव टाकावं. माझ्या नावाच्या वर.